एकटीने चालवलेले व्यायामाचे मराठी संकेतस्थळ: तीन वर्षांचा अनुभव आणि पुढच्या टप्प्यासाठी सूचना हव्यात

चोपडेकरीण (धागाकर्ती)

नमस्कार.

मी चोपड्याची. दिवसा एका पतसंस्थेत संगणकांचे काम पाहते आणि रात्री जेवणे आटोपली की दोन तास व्यायामाच्या एका मराठी संकेतस्थळासाठी देते. आखणी, मजकूर, आकडेमोड, चित्रे आणि दुरुस्त्या हे सारे माझ्या एकटीकडेच आहे. तीन वर्षांत काय केले ते येथे सांगायचे आहेच, पण त्याहून अधिक सांगायचे आहे ते हे की ज्या सूचनांमुळे संकेतस्थळाला आजचे रूप आले त्या कोणी आणि कशा दिल्या. कारण पुढच्या टप्प्यावर मला तशाच मदतीची गरज आहे.

सुरुवात धाकट्या भावाच्या पोलीस भरतीपासून झाली. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी मुलांसाठी १६०० मीटर धावण्याला २० आणि १०० मीटर व गोळाफेक यांना प्रत्येकी १५ गुण असतात. भाऊ रोज पहाटे यावल रस्त्यावर पळायचा, पहिल्या चारशे मीटरमध्येच सारा दम खर्च करायचा आणि शेवटी पाय ओढत यायचा. त्याच्यासाठी मी एकच पान तयार केले: किती वेळात पूर्ण करायचे ते लिहा, प्रत्येक फेरी किती सेकंदांत झाली पाहिजे ते पान सांगेल. साडेपाच मिनिटांचे लक्ष्य असेल तर चारशे मीटरची फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत झाली पाहिजे. एवढेच त्या पानावर होते. भावाच्या मित्रांनी ते वापरायला घेतले आणि आठवडाभरात पहिली खरी सूचना आली: "ताई, आमच्या गावाला चारशे मीटरचा ट्रॅक नाही. शाळेचे मैदान टेपने मोजले तर १८० मीटर भरते." त्या दिवसापासून पान आधी मैदानाचा घेर विचारते आणि मग सांगते की आठ फेऱ्या व वर १६० मीटर पळायचे आहे आणि प्रत्येक फेरीला साधारण ३७ सेकंद मिळतील. ज्याच्या पायाखाली जे मैदान आहे त्यावरूनच हिशेब सुरू झाला पाहिजे, हे मला त्या मुलाने शिकवले.

दुसरी अडचण अंकांची निघाली. संपूर्ण संकेतस्थळ मराठीत असल्यामुळे लोक वजनाच्या चौकटीत "७२" असे देवनागरीतच लिहीत आणि पान निमूटपणे काहीच उत्तर देत नसे, कारण जावास्क्रिप्टला, म्हणजे पानातला हिशेब करणाऱ्या संगणकभाषेला, देवनागरी अंक हे अंक वाटतच नाहीत. गंमत अशी की ब्राउझरला मराठी पद्धतीने आकडा दाखवायला सांगितले तर तो देवनागरीत छापतो, पण तोच छापलेला आकडा उचलून पुन्हा बेरजेला लावला की हिशेब कोलमडतो. आता वापरणाऱ्याने कोणत्याही लिपीत अंक लिहिले तरी आतमध्ये ते आधी एका रूपात आणले जातात. ही चूक दोन महिने माझ्या लक्षात आली नव्हती, कारण मी स्वतः तपासताना सवयीने इंग्रजी अंकच लिहीत होते.

यानंतर मी प्रत्येक पानाखाली "आपला अभिप्राय कळवा" अशी चौकट ठेवली. उत्तरे आली ती "छान आहे ताई", "असेच चालू ठेवा" अशी. मन सुखावले, पण दुरुस्त करण्याजोगे त्यात काही नव्हते. काही जणांनी मागण्या केल्या, त्याही इतर ॲपमध्ये पाहिलेल्या गोष्टींच्या. एका रात्री मी त्या चौकटीतला प्रश्न बदलला: "आज येथे काय करण्यासाठी आला होता आणि ते झाले का?" त्यानंतर लोक मागण्या न लिहिता आपला दिवस सांगू लागले. संकेतस्थळातली प्रत्येक मोठी सुधारणा त्या सांगण्यातूनच झाली आहे.

त्यातला एक निरोप मी आजही जपून ठेवला आहे. कापूस वेचणाऱ्या एका ताईंच्या मुलीने आईसाठी माहिती भरली होती: वय ४०, वजन ५० किलो, उंची १५० सेंटीमीटर. "तुम्ही व्यायाम करता का?" या प्रश्नाला तिने प्रामाणिकपणे "नाही" असे उत्तर दिले. मी १९९० मध्ये प्रसिद्ध झालेले मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचे सूत्र वापरते. त्याप्रमाणे विश्रांतीच्या स्थितीत लागणारी ऊर्जा १०७६ कॅलरी निघाली आणि "व्यायाम नाही" म्हणून तिला १.२ ने गुणून पानाने दिवसाला १२९२ कॅलरी पुरेशा असल्याचे सांगितले. मुलीने लिहिले, "आई सकाळी सातपासून वाकून कापूस वेचते, डोक्यावर गाठोडे आणते. एवढ्याच खाण्यावर ती कशी उभी राहील?" कष्टाच्या कामासाठी वापरला जाणारा १.७२५ हा गुणक लावला तर तोच आकडा १८५७ होतो. म्हणजे माझ्या एका चुकीच्या प्रश्नामुळे त्या माउलीच्या ताटातून ५६५ कॅलरी कमी झाल्या असत्या. सूत्र बरोबर होते. प्रश्न नोकरदार माणसाच्या दिवसावरून बेतलेला होता. आता पान व्यायामाविषयी विचारत नाही. दिवसातले किती तास बसून, किती उभ्याने, किती वाकून आणि किती ओझे उचलून जातात, ते विचारते.

माहिती कोठे ठेवायची याचा निर्णय मी आरंभीच घेतला होता. नाव, क्रमांक, खाते यांतले काहीही मी मागत नाही. जे भराल ते तुमच्याच फोनच्या ब्राउझरमध्ये राहते. भरतीची तयारी करणाऱ्यांत सतरा वर्षांची मुलेही असतात आणि २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती हाताळायची तर पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. एकट्या माणसाने लोकांच्या आरोग्याची माहिती साठवून तिची राखण करणे मला योग्य वाटत नाही. याची किंमतही आहे: फोन बदलला किंवा ब्राउझर साफ केला की नोंदी जातात. म्हणून नोंदींची फाईल उतरवून घेण्याची सोय दिली आहे, परंतु ती सर्वांच्या नजरेस पडत नाही.

आता ज्यासाठी धागा काढला ते. भरतीची मुले क्रमवारी मागत आहेत, म्हणजे तालुक्यात कोण किती वेगाने पळतो ते सर्वांना दिसावे. काही जणींचे म्हणणे आहे की खाण्याच्या पानावरचे कॅलरीचे आकडे काढून टाकावेत. शिवाय धावण्याचे बारा आठवड्यांचे वेळापत्रक मी पूर्ण करीत आणले आहे, ते प्रसिद्ध करण्यापूर्वी जाणत्यांनी वाचावे अशी इच्छा आहे. आपले म्हणणे विस्ताराने लिहावे.

रात्रपाळी_भुसावळ

ताई, आपण उल्लेख केला नाही, पण एक चूक मी दाखवली होती ती येथे नोंदवतो. मी रेल्वेत आहे, पाळ्या फिरत्या. आपल्या नोंदवहीत दिवस रात्री बारा वाजता संपत असे. मी रात्री अकराला कामावर निघण्यापूर्वी बैठका आणि जोर काढायचो, पहाटे सुट्टी झाली की प्लॅटफॉर्मच्या टोकापर्यंत चालायचो, आणि वही त्याचे दोन दिवस करायची. त्यातून एका दिवशी व्यायाम दुप्पट आणि दुसऱ्या दिवशी शून्य असे दिसे आणि "आज खंड पडला" असा निरोप येई. रात्रभर जागून काम केलेल्या माणसाला तो निरोप लागतो. आपण "माझा दिवस झोपेतून उठल्यावर सुरू होतो" असा पर्याय दिलात, त्यामुळे आमच्या खोलीतले चार जण आता वही वापरतात. खंड पडल्याचा निरोप मात्र सर्वांसाठीच काढावा, असे माझे मत आहे.

चोपडेकरीण (धागाकर्ती)

दादा, तो निरोप काढते. लिहिताना मला ते प्रोत्साहन वाटले होते. वाचणाऱ्याला ते बोल लावल्यासारखे वाटेल हे ध्यानात आले नाही.

दादर_ज्वारी

मी पारोळ्याची, घरी खानावळीचे डबे करते. कॅलरीचे आकडे काढा म्हणणाऱ्यांत मीही होते, त्याचे कारण सांगते. तुमच्या यादीत सुरुवातीला प्रत्येक पदार्थ भलताच जड दिसत होता. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठाला चौदाशेच्या आसपास आकडा होता. माझ्या गिऱ्हाइकांपैकी एका मुलीने तो वाचून भाकरीच सोडली.

चोपडेकरीण (धागाकर्ती)

ताई, ती माझी सर्वांत गंभीर चूक होती आणि ती झाकण्याचा माझा हेतू नव्हता. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये ५२८ अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत, त्यावरून मी यादी केली. त्या तक्त्यांत ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली आहे आणि मी ती कॅलरी समजून उतरवली. ज्वारीचे १३९८ किलोज्यूल म्हणजे ४.१८४ ने भागून ३३४ कॅलरी. तुमच्याच निरोपानंतर त्याच रात्री सारी यादी दुरुस्त केली आणि पानाच्या माथ्यावर महिनाभर चूक झाल्याची सूचना ठेवली. त्या मुलीपर्यंत ती पोहोचली का?

दादर_ज्वारी

पोहोचली. मीच डब्यासोबत चिठ्ठी दिली. ती आता पुन्हा कळण्याची भाकरी खाते.

आता आकडे बरोबर आहेत, तरी माझी सूचना अशी की आकड्याच्या आधी पदार्थ कसा होतो ते सांगा. तक्त्यात ज्वारी आहे, उडीद आहे, पण कळणा नाही, कारण कळणा घराघरात वेगळा असतो. आमच्याकडे चार भाग ज्वारीला एक भाग सालासकट उडीद. भरताचेही तसेच आहे. लोक विचारतात की भरीत खाल्ले तर किती कॅलरी; अहो, वांग्यात काय आहे मोजण्यासारखे, मोजायचे ते तेल. शेतातल्या भरीत पार्टीत तेलाची धार वेगळी आणि घरी आजारी माणसासाठी केलेल्या भरताची वेगळी. शेवभाजीच्या तर्रीचेही हेच. पदार्थाच्या नावापुढे एक आकडा लिहिलात तर तो कोणाच्याच घरी खरा ठरणार नाही.

चोपडेकरीण (धागाकर्ती)

हे पटले. तुमच्या प्रमाणाने मी आत्ताच हिशेब केला: १०० ग्रॅम नुसत्या ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि चारास एक कळण्यात १२ ग्रॅमहून थोडी अधिक. शिवाय ज्वारीत कमी असणारे लायसीन (प्रथिनांचा एक आवश्यक घटक) उडदात भरपूर असते, त्यामुळे दोन्ही एकत्र आल्याने प्रथिनांचा दर्जाही सुधारतो. २०२० च्या भारतीय शिफारशीप्रमाणे प्रौढाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. डबाबंद प्रथिन-भुकटी विकणाऱ्या एकाने मला जाहिरातीचे पैसे देऊ केले होते, ते मी नाकारले; त्या जागी ही कळण्याची मांडणी दाखवायला मला फार आवडेल. पदार्थापुढचा एकच आकडा काढून तेथे पीठ, डाळ आणि तेल स्वतः भरण्याच्या चौकटी करते. तेल पळीने मोजायचे की चमच्याने?

दादर_ज्वारी

पळी प्रत्येकीची निराळी. महिन्याला घरात किती किलो तेल येते आणि खाणारी तोंडे किती, तेवढेच विचारा. ते प्रत्येक घरात तोंडपाठ असते.

निवृत्त_क्रीडाशिक्षक_धुळे

तीस वर्षे मुलांना मैदानावर पळवले, त्या अनुभवावरून लिहितो.

क्रमवारी देऊ नये. भरतीची जाहिरात आली की मुले सहा आठवड्यांत सहा महिन्यांचे पळून घेऊ पाहतात. डांबरी रस्ता, झिजलेले बूट आणि रोजची चढाओढ यांमुळे नडगी दुखू लागते. मुलगा ते दुखणे लपवतो आणि कधीकधी हाडाला बारीक चीर जाईपर्यंत पळत राहतो. क्रमवारीमुळे विश्रांतीचा दिवस हा हरण्याचा दिवस वाटू लागेल. दुसरे असे की नोंद ज्याने त्याने स्वतः भरायची, मैदान ज्याने त्याने स्वतः मोजायचे, मग तुलना कशाची करणार?

चालणाऱ्या वयस्कांच्या पानावर आपण नाडीचा कमाल वेग २२० वजा वय असा दिला आहे. साठीच्या माणसाला त्याने १६० येतात, तर २००१ मध्ये आलेल्या २०८ वजा वयाच्या सात दशांश या सूत्राने १६६. दोन्ही सरासरीच आहेत आणि प्रत्यक्ष माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी तर नाडी मुळातच संथ राहते. पांझरेकाठी फिरायला येणाऱ्या मंडळींना मी एवढेच सांगतो की चालताना सोबत्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. ही खूण पानावर सूत्राच्या वर ठेवावी.

मैदान_शिरपूर

सरांचा अनुभव मोठा आहे, तरी क्रमवारीबाबत माझे मत वेगळे आहे. मी एकटाच पळतो. गावात बरोबरीचा कोणी नाही आणि अकादमीची फी देण्याची ऐपत नाही. मी जिल्ह्यात कोठे आहे ते मला थेट चाचणीच्या दिवशीच कळते. एकट्याने पळणाऱ्याला समोर कोणीतरी लागतो. धावणाऱ्याची नावे नकोत, पण काहीतरी असावे.

निवृत्त_क्रीडाशिक्षक_धुळे

भाऊ, तुमची अडचण खरी आहे आणि ती माझ्या ध्यानात आली नव्हती. समोर कोणीतरी हवा असेल तर तो चार आठवड्यांपूर्वीचे तुम्हीच असावेत. त्याच मैदानावर, त्याच वेळी, त्याच अंतराची तुमची जुनी धाव फोनने फेरीगणिक शिट्टी देऊन सांगावी. मैदान तेच असल्याने तुलनाही खरी होईल. ताई, हे करता येईल का?

चोपडेकरीण (धागाकर्ती)

सर, हे येईल, आणि कोणाचीही माहिती फोनबाहेर न जाता येईल. जुन्या धावेच्या फेऱ्या नोंदवलेल्याच आहेत. शिट्टीसाठी पान उघडे आणि पडदा जागा ठेवावा लागेल, एवढीच अडचण.

मूळचा_रावेरचा

मी आता पुण्यात संगणक क्षेत्रात आहे. हे सारे ॲपमध्ये बांधले तर शिट्टी, आठवण, चालण्याची मोजणी हे सर्व सोपे होईल. मदत करायला तयार आहे.

चोपडेकरीण (धागाकर्ती)

दादा, मनापासून आभार. ॲपचा विचार मी दोनदा केला आणि दोनदा सोडला. माझी सारी पाने साधी आहेत, सर्व्हरवर काहीही चालत नाही, एकदा उघडली की ब्राउझर ती जपून ठेवतो आणि सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज गेली तरी ती चालतात. वर्षाला संकेतनामाचे नूतनीकरण सोडले तर खर्च नाही. ॲप केले की फोनच्या प्रत्येक नव्या आवृत्तीमागे मला धावावे लागेल, आणि मी आजारी पडले तर ते बंद पडेल. तुम्हाला वेळ असेल तर एक काम आहे: देवनागरी फाँटची फाईल जड आहे. आपल्याला लागणारी जोडाक्षरे न तुटता ती हलकी करता आली, तर जुन्या फोनवर पहिले पान लवकर उघडेल.

मूळचा_रावेरचा

करतो. "ष्ट्य" आणि "र्‍या" यांच्यावर तपासून देतो.

सातपुडा_पायथा

मी धडगावच्या बाजूला आरोग्य विभागाचे काम करते. धावण्याच्या वेळापत्रकाचा कच्चा मजकूर आपण दिला आहे तो वाचला. पाचव्या आठवड्यात "शरीर पूर्ण थकेपर्यंत न थांबता फेऱ्या घ्या" असे वाक्य आहे. ते काढावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या भागातल्या आदिवासी समाजात सिकलसेलचे, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे, प्रमाण मोठे आहे. ज्यांना आजार आहे त्यांना अतिश्रम, पाण्याची कमतरता आणि थंडी या तिन्हींनी तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यांनी कोणताही व्यायाम डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. पण जे केवळ वाहक आहेत, म्हणजे ज्यांच्यात तो दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला आहे, त्यांना बहुधा काहीच त्रास नसतो आणि आपण वाहक आहोत हे पुष्कळांना माहीतही नसते. असा तरुण उन्हात, पाणी न पिता, मध्ये न थांबता जीव तोडून पळाला तर स्नायूंना इजा होऊन तो कोसळू शकतो. हे क्वचित घडते, पण घडते तेव्हा जिवावर बेतते.

त्याच वेळी असेही लिहू नका की वाहकांनी पळू नये. वाहक उत्तम पळू शकतात, आणि तसे लिहिलेत तर आमची पोरे भरतीतूनच बाहेर पडतील किंवा तपासणीच टाळतील. लिहायचे ते असे की अंतर हळूहळू वाढवा, दोन वेगवान फेऱ्यांमध्ये पुरेशी विश्रांती घ्या, पाणी प्या आणि पायात अशक्तपणा, पेटके किंवा दम लागणे नेहमीपेक्षा वेगळे वाटले तर तिथेच थांबा व सोबत्याला सांगा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी साधी रक्ततपासणी होते आणि ती सकारात्मक आली तर पुढच्या चाचणीने आजार आहे की वाहक ते ठरते. भरतीची तयारी सुरू करण्यापूर्वी ती करून घ्या, एवढे एक वाक्य वेळापत्रकाच्या पहिल्या ओळीत घाला.

मैदान_शिरपूर

ताई, हे मला कोणीच सांगितले नव्हते. आमच्या गटातले दोघे मे महिन्यात सकाळी नऊनंतर पळतात. त्यांना आजच सांगतो.

चोपडेकरीण (धागाकर्ती)

धडगावच्या ताई, "थकेपर्यंत" हे वाक्य मी आपला प्रतिसाद वाचताक्षणी काढले. ते मी एका जुन्या प्रशिक्षण तक्त्यावरून उतरवले होते आणि लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त माझा भाऊ होता.

वेळापत्रक आज प्रसिद्ध करणार होते, ते थांबवले आहे. पहिल्या ओळीत तपासणीचे वाक्य येईल. मार्च ते जूनच्या आठवड्यांत पळणे सकाळी सातच्या आत संपेल असे तक्ते नव्याने करते. आपल्याकडे भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा "सकाळी" एवढा मोघम शब्द पुरत नाही. प्रत्येक आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांतीचा राहील आणि त्या दिवशी फेऱ्यांची चौकट उघडणारच नाही. सरांनी सुचवलेली जुन्या धावेची शिट्टी आधी शिरपूरच्या भावाला पाठवते. पंधरा दिवस वापरून, त्या दिवशी काय करायचे होते आणि ते झाले का, एवढेच कळवावे.

तेलाचा मासिक हिशेब रविवारी बसवते. दादर ताई, तुमच्या डब्याच्या गिऱ्हाइकांपैकी दोन-तीन घरांनी तो भरून पाहिला तर बरे होईल, कारण माझ्या एकटीच्या घरच्या आकड्यांवर तो तपासण्याची चूक मला पुन्हा करायची नाही.

धडगावच्या ताई, सिकलसेलचा पूर्ण परिच्छेद आज रात्री लिहून आपल्याला पाठवते. आपण आणि आपल्या केंद्रातल्या डॉक्टरांनी तो वाचून होकार दिल्यावरच वेळापत्रकाचे पान उघडेन. पावरी ही आदिवासी बोली बोलणाऱ्या मुलांना तो कोणी वाचून दाखवणार असेल तर वाक्ये किती लहान असावीत, तेही सांगा.

सातपुडा_पायथा

एका श्वासात म्हणता येईल एवढी. पाठवा, मी शुक्रवारी तपासणीच्या शिबिराला जाते आहे, तेथे येणाऱ्या मुलांनाच आधी वाचून दाखवते आणि त्यांना कोठे अडले ते कळवते.